अंगठा कबूल

धोंडप्पाच्या पानमळ्यात जोडे घालून कुणी जात नसे. मग तो गावचा पाटील असो, नाहीतर लांबून आलेला जावई. कुंपणाच्या फटीशी एक सपाट दगड होता. त्यावर जोडे काढायचे आणि डोकं वाकवून आत शिरायचं. बाहेर वालूरच्या शिवारात चैत्राचं ऊन काळ्या रानाला भेगा पाडत असे, आणि आत पाय ठेवला की तळव्याला गार ओल लागे. शेवरीच्या अन् पांगाऱ्याच्या झाडांवर पानवेली चढलेल्या, वर पानांचं दाट छत, आणि त्या सावलीत धोंडप्पा उजव्या अंगठ्यात लोखंडी नखी घालून पानं खुडत असे. तो बारीक खुट खुट आवाज वाटेनं जाताना ऐकू येई.

आम्ही गावकरी त्याची थट्टा करायचो. “देवळात कुनी जोडे घातले तर देव गप ऱ्हाईल, पर धोंडप्पा ऱ्हायचा न्हाई,” असं भुजंग म्हणायचा. भुजंगचं रान मळ्याला लागूनच होतं आणि दोघं बरोबरीचे. धोंडप्पा असल्या बोलण्यावर हसतही नसे आणि रागावतही नसे. मळा त्याच्या आजानं लावलेला. आजा, बाप आणि तो, तिघांनीही आत कधी जोडा नेला नाही, एवढंच त्याला ठाऊक होतं.

पस्तीस वर्षं नखी घालून त्याच्या अंगठ्याला एक आडवी खाच पडली होती. नखीची कड रोज तिथंच रुतायची. ती खाच धुऊन जात नव्हती की भरून येत नव्हती. बाजारात पानं मोजताना तो अंगठा पुढं आला की सेलूचे तांबोळी म्हणायचे, वालूरचं पान आलं.

त्या अंगठ्यापायीच पुढचं सगळं झालं.

त्याच्या सात वर्षं आधी लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले आणि मळ्याच्या विहिरीनं तळ गाठला. वेली पिवळ्या पडल्या. विहीर आणखी चार परस, म्हणजे चार माणसांच्या उंचीइतकी, खोल न्यायची तर सुरुंगवाले लावायला हवे होते. धोंडप्पा सेलूला बन्सीधर सावकाराकडे गेला. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून मळ्यातल्या निवडक पानांची एक कवळी ओल्या फडक्यात बांधून नेली. बन्सीधरनं गादीवर बसवून घेतलं, पाणी दिलं, त्याच पानांतलं एक पान उचलून चुना लावला, सुपारी-कात घालून विडा वळला आणि स्वतःच्या हातानं धोंडप्पाला दिला. धोंडप्पानं तो तोंडात घातला. मग मुनिमानं कागद पुढं केला. “रहनाचा कागद आहे,” म्हणाला. म्हणजे मळा गहाण, पैसे फिटले की परत. कोर्टकचेरीची भाषा तेव्हा उर्दू, कागदही उर्दूत होता.

धोंडप्पाला तो वाचून घेता आला असता. वाचणारी माणसं सेलूत होती. पण पानमळेवाल्यांत एक रीत आहे. आपलंच पान, समोरच्यानं विडा करून आपल्याला दिलं आणि आपण खाल्लं, म्हणजे बोलणं पक्कं झालं. त्यानंतर कागद वाचून दाखवा म्हणणं म्हणजे दिलेला विडा उकलून आत काय घातलंय ते बघण्यासारखं. असं कुणी करत नाही. धोंडप्पानं अंगठा उठवला.

विहिरीला पाणी लागलं. सात वर्षं दर बाजाराला पानांच्या दोन करंड्या बन्सीधरच्या दुकानी व्याजापोटी जात राहिल्या. सातव्या दिवाळीत सगळी मुद्दल धोतराच्या सोग्यात बांधून धोंडप्पा मळा सोडवायला गेला, तेव्हा बन्सीधर म्हणाला, “कसला मळा सोडवतोस? तू मला मळा विकलास. सात साल माझा कूळ म्हणून राहिलास.” कागद रहनाचा नव्हता. बैनाम्याचा होता, म्हणजे खरेदीखताचा.

धोंडप्पानं कोर्टात दावा लावला. गावातून सावकारावर दावा लावणारा तो पहिलाच. आमची छाती उगीचच फुगली. कोर्टाचा खर्च मात्र त्याचा त्यालाच करावा लागला, त्यात ती मुद्दल संपली.

चैत्रात, निकालाच्या दिवशी, वकील माणिकराव कोर्टासमोरच्या कडुलिंबाखाली धोंडप्पाला आणि त्याच्या एकुलत्या, कर्त्या पोराला, चंद्रप्पाला, घेऊन उभे राहिले. माणिकराव हुशार माणूस. पान खात नसत, त्यामुळे धोंडप्पाला त्यांच्याबद्दल थोडी शंका होती.

“धोंडप्पा, नीट ऐका,” माणिकराव म्हणाले. “कागद लिहिणारा मेला. एक साक्षीदार सावकाराचा मुनीमच आहे. कागदावरचा ठसा फिसकटलेला आहे. मुन्सफसाहेब विचारतील, हा अंगठा तुमचा का? तुम्ही एकच म्हणायचं, माझा नाही. मग ठसा तपासायला हैदराबादेला जाईल. दोन वर्षं निघतील. तोवर बन्सीधर स्वतःहून तडजोडीला येईल.”

“आन् तपासल्यावर?”

“तुमच्या अंगठ्याला ती खाच आहे. ठसा धड जुळणारच नाही.”

चंद्रप्पा म्हणाला, “आप्पा, एकच शब्द हाय. त्यानं आपल्याशी खोटं केलंय.”

 धोंडप्पा उजवा अंगठा डाव्या मुठीत धरून आत गेला.

मुन्सफसाहेब काळी शेरवानी घातलेले, वयस्क, डोळ्यांना चष्मा. त्यांनी कागद पेशकाराकडून, कोर्टाच्या कारकुनाकडून, धोंडप्पासमोर धरवला. “ये अंगूठा तुम्हारा है?”

धोंडप्पानं वाकून पाहिलं. ठसा खरंच फिसकटला होता. एका बाजूला शाई पसरली होती, वरच्या रेघा दिसत नव्हत्या. पण मधोमध एक पांढरी आडवी पट्टी होती, शाई न लागलेली. नखीची खाच. कचेरीतल्या कुणालाच ती कळली नसती. माणिकरावांनाही ती म्हणजे फक्त खराबी वाटत होती. धोंडप्पाला मात्र तिथं आपला सगळा मळा दिसला.

“माझाच हाय,” तो म्हणाला.

माणिकरावांनी मान खाली घातली. चंद्रप्पा मागच्या भिंतीला टेकला.

“पर साहेब,” धोंडप्पा पुढं म्हणाला, “कागद रहनाचा हाय म्हनून सांगितलं व्हतं मला.”

“पढ़वाकर सुना था?”

“न्हाई.”

“क्यों नहीं सुना?”

“विडा घेतला व्हता, साहेब.”

मागच्या बाकावर हशा झाला. बन्सीधरचा वकीलही हसला. मुन्सफ हसले नाहीत. त्यांनी पेशकाराला विचारून त्या बोलण्याचा अर्थ समजावून घेतला, आणि म्हणाले, “ये बात क़ानून में नहीं आती.” मग लिहायला सांगितलं. अंगठा कबूल, दावा खारीज. बन्सीधरनं ताब्यासाठी अर्ज टाकलेलाच होता, तोही मंजूर झाला. दहाव्या दिवशी कोर्टाचा अमीन येऊन मळ्याचा ताबा घेईल.

बाहेर आल्यावर माणिकराव तापले. “मी तीन महिने घासलो. तुम्हाला दोन शब्द बोलवले नाहीत.”

“वकीलसाहेब,” धोंडप्पा म्हणाला, “ह्या अंगठ्यानं म्या पस्तीस वरसं पान खुडलंय. आज त्याला माझा न्हाई म्हनलो तर उद्या नखी कुटं घालू?”

 माणिकरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. जाताना त्यांनी धोंडप्पाच्या खांद्यावर हात ठेवला, एवढं चंद्रप्पानं आम्हाला नंतर सांगितलं. स्वतः चंद्रप्पा मात्र बापाच्या चार पावलं पुढं चालत राहिला. वालूर दिसायला लागल्यावर एवढंच म्हणाला, “तुमचं खरं तुमच्यापाशी. आमी काय खावं ते सांगा.”

दारात धोंडप्पाची बायको महादेवी उभी होती. चेहरे बघूनच तिला कळलं. तिनं पाय धुवायला पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

“अंगठा न्हाई म्हनले असतात तर?”

“तर लांबलं असतं.”

महादेवीनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. “आज केलं ते बरं केलं,” ती म्हणाली. “सात वरसांमागं त्यो विडा उकलून बगाया पायजे व्हता.” मग तिनं ताट वाढलं. घरात यावर पुन्हा बोलणं झालं नाही.

गावात मात्र दुसरं काही बोलणंच नव्हतं. पारावर आम्ही सगळे शहाणे झालो. दावा कसा जिंकायला हवा होता ते प्रत्येकाला ठाऊक होतं. भुजंग सरळ मुद्द्यावर आला.

“धोंडप्पा, आठ-धा दिस हायती. मोट सोड. कोयता लावायचीबी गरज न्हाई. ह्या उन्हात आठ दिस पानी न्हाई मिळालं तर वेल आपली आपन वाळती. बन्सीधरला देऊन टाक वाळल्या काड्या.”

आम्ही माना हलवल्या. आज सांगायला लाज वाटते, पण हलवल्या. आमच्यातला प्रत्येक जण त्या मळ्याचं पान खाऊनच मोठा झालेला होता.

धोंडप्पा म्हणाला, “उतरन करायची हाय.”

आम्हाला वाटलं, त्याला ऐकू आलं नाही.

पानवेल वर्षभर झाडावर चढत जाते. चैत्रात ती उतरवावी लागते. पानं खुडून घ्यायची, वेल झाडापासून हळूच सोडवायची, बुडाशी वेटोळी करून मातीत पुरायची आणि शेंड्याचा हातभर तुकडा पुन्हा झाडाला बांधायचा. मग ती नव्यानं चढते. वैशाख लागला आणि वेल वरच राहिली तर उन्हानं करपते. ही उतरण म्हणजे मळ्यातलं सगळ्यांत जिकिरीचं काम. वेल ओढली की पेरात मोडते, आणि मोडली ती गेली. चार माणसं आठ दिवस राबतात तेव्हा तेवढा मळा उतरतो.

“कुनासाठी उतरायची?” चंद्रप्पानं बापाला पारावरच विचारलं, आमच्यादेखत. पोरानं बापाला चारचौघांत असं विचारावं, ही लाज धोंडप्पाला कोर्टातल्या हशापेक्षा जास्त लागली असावी. तरी त्यानं आवाज चढवला नाही.

“साठ वळी हायती,” तो म्हणाला. “रोज सात धरल्या तर नवव्या दिशी व्हत्यात.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो आणि महादेवी मळ्यात शिरले. चंद्रप्पानं बैल मोटेला जुंपले नाहीत. गोठ्यात वैरण टाकली आणि तो अंगणात सुतळी वळत बसला. मग धोंडप्पा स्वतः आला, बैल सोडून नेले, मोट जुंपली, चार तास पाणी काढलं, आणि मग वेलीला हात लावला. महादेवी पानं खुडत पुढं जायची. त्यामागून धोंडप्पा वेल सोडवायचा. वाळलेल्या लव्हाळ्याचे जुने बांध नखीनं कापायचे, एका हातानं वेल पेलायची, दुसऱ्या हातानं उतरवायची. महादेवी बसून माती उकरायची, त्यात वेटोळं ठेवायची, वर ओली माती सारायची, तळव्यानं दाबायची. उकिडवं बसून तिच्या कमरेत उसण भरली. मग ती गुडघ्यावर सरकत काम करायला लागली. पहिल्या दिवशी चारच ओळी झाल्या. दुसऱ्या दिवशीही चार.

तिसऱ्या दिवशी सेलूचा बाजार होता. करंड्या घेऊन चंद्रप्पाला जावं लागलं, कारण दुसरं कुणी नव्हतं. खुडलेली पानं वाया घालवणं त्यालाही जमेना. कोर्टाचा निकाल झाल्यावर बन्सीधरच्या करंड्या बंद होत्या, म्हणून त्यानं पानं तांबोळ्याला घातली. तिथंच पेठेत मुनीम भेटला.

“काय चंद्रप्पा,” मुनीम चार माणसांत म्हणाला, “मोट चालू आहे का सोडली?”

“का?”

“काही नाही. आमच्या शेटजींना ठाऊक आहे तुम्ही लोक काय करणार ते. अमीनसाहेबांना सांगून ठेवलंय. पंचनाम्याचा मसुदा तयारच आहे. बाग वाळलेली, असं लिहिलंय. आता नुकसानीपोटी तुमचे बैल आणि राहतं घर धरायला किती वेळ लागतो?”

हसून मुनीम निघून गेला. चंद्रप्पा रिकाम्या करंड्या घेऊन उन्हातून वालूरला आला. घरी गेलाच नाही. सपाट दगडावर जोडे काढून तो आत शिरला. बाप झाडाला टेकून उभा होता आणि आई गुडघ्यावर बसून माती दाबत होती. तिच्या लुगड्याला गुडघ्याशी ओल्या मातीचे दोन गोल डाग पडले होते.

“अव्वा, उठ,” चंद्रप्पा म्हणाला. “तू निसती पानं खुड. खालचं म्या करतो.”

धोंडप्पानं एक वेल सोडवून त्याच्या हातात दिली. “पेरात धरू नगो. दोन पेरांच्या मदी धर.”

“ठाव हाय मला.”

मग मुनिमाचं बोलणं त्यानं कामातच सांगितलं. महादेवीचा हात थांबला. धोंडप्पाचा थांबला नाही. “वाळलेली लिवली का,” एवढंच तो म्हणाला, आणि पुढच्या झाडाकडे सरकला. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत खपून सात ओळी झाल्या.

पुढचे दिवस आम्ही कुंपणाबाहेरून बघत होतो. तिघांची पाठ काळी पडली. धोंडप्पाच्या अंगठ्यातून रक्त यायला लागलं तेव्हा त्यानं नखीखाली चिंधी गुंडाळली. सातव्या दिवशी पश्चिमेचा गरम वारा सुटला. उतरलेल्या वेलींच्या उघड्या शेंड्यांना त्यानं भाजलं असतं. धोंडप्पा तुऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्या, शोधत गावात आला, आडोसा करायला. कुणाकडे मागायचा त्याला संकोच वाटत होता. त्यानं कधी काही मागितलेलं नव्हतं. भुजंग उठला, आपल्या गोठ्याची तुऱ्हाटीची भिंत उपसली आणि खांद्यावर घेऊन निघाला. दगडाशी येऊन त्यानं जोडे काढले. मग आम्हीही आपापल्या घरून जमेल ते नेलं. मळ्यात काम करायची आम्हाला अक्कल नव्हती, म्हणून महादेवीनं आम्हाला बाहेरच्या बाजूनं तुऱ्हाट्या उभ्या करायला लावलं.

नवव्या दिवशी दुपारी साठावी ओळ उतरली. उतरणीत कापून निघालेल्या वेलीच्या कांड्यांना बेणं म्हणतात, आणि बेणं उतरणाऱ्याचं, ही रीत आमच्या भागात जुनी आहे. चंद्रप्पानं त्याचे दोन भारे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले.

दहाव्या दिवशी ऊन चढल्यावर अमीन आला. बरोबर बन्सीधर, मुनीम आणि आमचा पाटील. अमीन घामानं निथळत होता. चावडीच्या सावलीत बसून त्यानं पिशवीतून कागद काढला, शाईची डबी उघडली आणि म्हणाला, “धोंडप्पा, इधर अंगूठा करो. लई ऊन हाय, लवकर उरकू.”

“आदी मळा बगा,” धोंडप्पा म्हणाला.

“बघून काय करायचं?”

“ताबा घ्यायलाव न्हवं? मंग काय घ्यायलाव ते बगा.”

अमिनानं बन्सीधरकडे पाहिलं. बन्सीधर म्हणाला, “चला, बघू. नुकसान डोळ्यांनी दिसलेलं बरं.”

सात वर्षांत बन्सीधर मळ्यात कधी आला नव्हता. पानं त्याच्या दारात पोचत होती. कुंपणाच्या फटीशी तो तसाच आत शिरायला लागला तेव्हा महादेवी आडवी आली.

“शेटजी, जोडे.”

“अगं, मळा आता माझा आहे.”

“म्हनून तर. तुमच्याच वेली हायती. जोडे काडा.”

बन्सीधरनं पाटलाकडे पाहिलं. पाटील आधीच अनवाणी उभा होता. अमिनानंही बूट सोडायला सुरुवात केली होती. शेवटी बन्सीधरनं नक्षीचे जोडे काढले. दगड तापलेला होता. तो एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत आत गेला, आणि आम्ही कुणीच हसलो नाही, याचा मला आजही अभिमान वाटतो.

आत गेल्यावर तो ओरडलाच. “तोडल्या. सगळ्या वेली तोडल्या. बघा अमीनसाहेब.”

उतरलेला मळा न जाणणाऱ्याला तसाच दिसतो. छत नाही, पानं नाहीत. उघडी झाडं, आणि प्रत्येक झाडाला हातभर शेंडा बांधलेला. मुनीम मान डोलवत होता. अमिनानं कागदाकडे बघितलं, तसंच लिहिलेलं होतं, त्यामुळे त्यालाही बरं वाटलं.

धोंडप्पा पहिल्या ओळीतल्या झाडाशी गुडघे टेकून बसला. दोन्ही हातांनी त्यानं माती बाजूला केली. बाळंतिणीच्या अंगावरचं पांघरूण सारावं तशी हळूहळू. खाली वेलीचं वेटोळं निघालं. जाड, हिरवं, पेरापेराशी ओलं, आणि दोन पेरांवर पांढरी मुळी फुटायला लागलेली. त्यानं नखीचं टोक किंचित लावलं. आतला रस चमकला.

“शेंडा वर, वेल खाली,” तो म्हणाला. “आता कुटल्याबी झाडापाशी उकरा. साठ वळी हायती. तुमी सांगाल तितं उकरतो.”

अमिनानं खरंच तीन ठिकाणी उकरायला लावलं. एक तर पार कोपऱ्यात, मुनिमानं दाखवलं ते झाड. तिन्ही ठिकाणी तेच निघालं. प्रत्येक वेळी धोंडप्पानं माती पुन्हा नीट सारली आणि तळव्यानं दाबली. बन्सीधर एकदा झाडाकडे, एकदा मातीकडे बघत होता. त्याला मळा मिळाला होता आणि मळ्यातलं काहीच कळत नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

“ठीक है,” अमीन म्हणाला. “आता अंगठा.”

“कागद वाचा,” धोंडप्पा म्हणाला.

“उर्दूत आहे, तुला काय कळणार?”

“वाचा आन् मराठीत सांगा. म्या उभा हाय.”

अमीन वाचत गेला. विहीर एक, चार परस नवी. मोट एक. शेवरी, पांगारा, झाडं इतकी. मग तो अडखळला. त्यानं घसा साफ केला. “बाग वाळलेली.”

धोंडप्पानं पायाखालची ओली माती बोटानं दाखवली.

“हिरवी लिवा,” धोंडप्पा म्हणाला.

“काय फरक पडतो? ताबा तर गेलाच,” मुनीम म्हणाला.

“हिरवी लिवा. उतरलेली लिवा. बेन्याचे दोन भारे उतरनाराचे, त्ये बी लिवा.”

 अमीन तिथंच शेवरीच्या बुडाशी मांडी घालून बसला, कागदावरची ती ओळ खोडली, बाजूला नवं लिहिलं, खोडलेल्या जागी आपली सही केली आणि सगळा कागद पहिल्यापासून पुन्हा वाचून दाखवला. धोंडप्पानं डोळे मिटून ऐकला. मग नखी काढली, अंगठ्याची चिंधी सोडली, मातीचा हात धोतराला पुसला आणि अंगठा उठवला. ठसा या वेळी फिसकटला नाही. मधली पांढरी पट्टी स्वच्छ उमटली.

बन्सीधर आता गोड झाला. “धोंडप्पा, झालं गेलं सोड. याला पाणी कधी, खत कधी, तुझ्याशिवाय कुणाला कळणार? तूच राहा इथं. चांगली मजुरी देतो.” आणि त्यानं खिशातून चांदीची डबी काढून आतला तयार विडा धोंडप्पापुढं धरला.

धोंडप्पानं विडा घेतला. महादेवीच्या तोंडावरचा रंग उडाला. पण त्यानं तो तोंडात घातला नाही. सगळ्यांदेखत उकलला. सुपारी, कात, लवंग बन्सीधरच्या तळहातावर परत ओतली. पान धोतराच्या टोकानं पुसलं आणि उजेडात धरलं.

“पान आमचंच हाय,” तो म्हणाला. “पर शिळं झालंय. शेटजी, पानी चौथ्या दिशी द्या. पश्चिमेच्या तुऱ्हाट्या मिरीग निघंस्तोवर काडू नका. आन् आत जोडे घालून येऊ नका, वेलीला सोसत न्हाई.”

पान बन्सीधरच्या डबीवर ठेवून तो बाहेर पडला. मागून महादेवी, आणि डोक्यावर बेण्याचा एक-एक भारा घेऊन चंद्रप्पा आणि भुजंग.

भुजंगनं आपल्या रानातला, स्वतःच्या विहिरीजवळचा तुकडा निम्म्या वाट्यानं लावायला दिला होता. हे त्यानं आदल्याच दिवशी ठरवलं होतं, पण धोंडप्पा नाही म्हणेल या भीतीनं तो महादेवीशीच बोलला होता. महादेवीनं परस्पर हो म्हटलं. बेणं पाटाच्या कडेला सावलीत पुरून ठेवायचं, पावसाबरोबर आधी शेवरी लावायची, मग वेल. पान खुडायला मिळेपर्यंत दोन वर्षं. तोवर तिघांनी भुजंगच्या रानात राबायचं.

त्याच दुपारी आम्ही सगळे तो तुकडा बघायला गेलो. बघण्यासारखं काही नव्हतं. कुंपण नाही, झाड नाही, नुसती नांगरलेली ढेकळं आणि वरून ऊन. धोंडप्पा बांधावर थांबला. त्यानं जोडे काढले, एकाशेजारी एक नीट ठेवले आणि त्या तापलेल्या ढेकळांत अनवाणी उतरला. आम्ही एकमेकांकडे बघितलं. भुजंगनं जोडे काढले. मग आम्हीही काढले.